मदत हवी आहे: बाहुल्या फोटोत जिवंत कशा दिसतील? (गुलाबाईचा देखावा)

चिंधीवाली

नमस्कार मंडळी.

मी सावद्याची (ता. रावेर). ब्लाउज, परकर शिवायचं काम आहे. त्यामुळे घरात चिंध्यांना तोटा नाही आणि त्यांच्या बाहुल्या करायचा नाद जुना. यंदा गुलाबाईचा देखावा करायला घेतलाय. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते: भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई बसते ती कोजागिरीपर्यंत. मातीची गुलाबाई आणि गुलोजी मांडायचे, संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमून टिपऱ्यांवर गाणी म्हणणार, आणि मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. कोणाला ओळखता आला नाही की डबेवाली जो भाव खाते, विचारू नका. काही भागांत हिलाच भुलाबाई म्हणतात.

तर देखाव्यात सहा पोरी आहेत, एक आजी आहे, पाटावर गुलाबाई-गुलोजी आणि मागे ओसरीची भिंत. आजी उभी ११ इंच, पोरी ९ इंचांच्या आसपास. अंगात अ‍ॅल्युमिनियमची तार, त्यावर कापूस आणि कापड. चेहरे हवेवर वाळणाऱ्या क्लेचे, अ‍ॅक्रिलिक रंगाचे, वरून चकचकीत व्हार्निश. प्रत्यक्ष बघणारे सगळे म्हणतात, "आता बोलतील!" फोटो काढला की मात्र (सोबत जोडलेत, बघा) त्या शोकेसमध्ये जाऊन बसतात. चेहरे प्लास्टिकचे वाटतात, पोरी जमिनीवर टेकल्यासारख्या वाटत नाहीत, आणि काहीही केलं तरी बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं की हे सगळं टेबलावर मांडलेलं आहे.

फोटो विकायचे नाहीत. एवढीच हौस की घरच्या ग्रुपवर टाकल्यावर कोणीतरी विचारावं, "हे कोणाच्या वाड्यातलं गं?"

हाताशी काय आहे: साधा फोन (त्यात प्रो मोड आहे, म्हणजे सगळं हाताने ठरवता येतं), पुतण्याचा डीएसएलआर १८-५५ लेन्ससकट, त्याचाच ट्रायपॉड, खोलीत ट्यूबलाइट, पूर्वेला एक मोठी खिडकी. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं छान धूसर होतं म्हणून तोच वापरतेय.

बहीण म्हणते, चेहरे पुन्हा रंगव आणि काचेचे डोळे मागव. डोळे ऑनलाइन मिळतात, पण सात जणींचे मिळून बरेच पैसे होतात. घ्यावेत का? की दुसरं काही करता येईल? पौर्णिमेच्या आत सांगा म्हणजे झालं.

कळण्याचीभाकर

भारी शे ताई! आजीचं नऊवारी कसलं नेसवलंय. फोटोग्राफीतलं मला कळत नाही, जाणकार येईपर्यंत धागा वर काढतेय.

उघडझाप

ताई, काचेचे डोळे घेऊ नका. चेहऱ्यांना नवा रंगही नको. तुमच्या बाहुल्यांत खोट नाही, खोट आजूबाजूला आहे. सविस्तर लिहितो, कारण हा माझा आवडता विषय आणि घरात कोणी ऐकून घेत नाही.

पहिलं, पोर्ट्रेट मोड बंद. मागचं धूसर झालं की फोटो "भारी" वाटतो, पण बाहुलीच्या बाबतीत तीच चुगली आहे. वस्तू लहान आणि कॅमेरा जवळ असला की फोकसमध्ये येणारा पट्टा फार अरुंद होतो. नाक स्पष्ट, कान धूसर. हे आपल्या डोळ्यांना इतकं सवयीचं आहे की धूसरपणा दिसला की मेंदू म्हणतो, वस्तू छोटी आहे. याच्या उलट युक्ती तुम्ही पाहिली असेल: खऱ्या शहराचा उंचावरून काढलेला फोटो घेऊन वरचा आणि खालचा भाग धूसर केला की बस-गाड्या खेळण्यातल्या वाटायला लागतात. तुम्हाला नेमकं विरुद्ध करायचंय, पुढच्या टिपरीपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं स्पष्ट हवं.

त्यासाठी तुमचा फोनच बरा. त्याचा सेन्सर इवलासा, त्यामुळे फोकसचा पट्टा आपोआप रुंद मिळतो. पुतण्याचा कॅमेरा वापरायचाच तर ट्रायपॉडवर, एफ ११ ते एफ १६ ठेवून (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून). त्यापुढे नेलं तर सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

दुसरं, कॅमेऱ्याची उंची. तुमचे सगळे फोटो उभं राहून खाली बघत काढलेले आहेत. आजी ११ इंच म्हणजे खऱ्या बाईच्या साधारण एक षष्ठांश. मग बघणारा माणूसही एक षष्ठांश झाला पाहिजे. उभ्या बाईच्या डोळ्यांची उंची म्हणजे बाहुल्यांच्या जमिनीपासून १० इंच, आणि पोरींमध्ये मांडी घालून बसलेल्या पोरीच्या नजरेतून बघायचं असेल तर जेमतेम ४ इंच. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते आणि जमिनीलगत जाता येतं. अंतरही तसंच. आपण माणसाचा फोटो दोन मीटरवरून काढतो, त्याचा सहावा भाग म्हणजे सुमारे एक फूट. त्याच्या आत शिरलात तर नाकं मोठी दिसतील, वर फोनची सावली पडेल. चेहरा जवळून हवा असेल तर पुढे सरकू नका, २एक्स (दुप्पट झूम) वापरा.

तिसरं, उजेड, आणि खरी गंमत इथे आहे. सगळे सांगतील खिडकीचा मऊ उजेड घ्या. माणसासाठी बरोबर. पण तुमची खिडकी चार फुटांची असेल तर बाहुलीच्या हिशेबाने ती चोवीस फुटी झाली! चोवीस फुटांची खिडकी कुठल्या वाड्यात असते? म्हणून सगळीकडे सपाट, सावली नसलेला उजेड पडतो आणि दुकानातल्या मालाचा फोटो वाटतो. खिडकीला पुठ्ठा लावा आणि त्यात सहा-सात इंचांचा चौकोन कापा. बाहुल्या त्या चौकोनाजवळ ठेवल्यात की ती साडेतीन फुटांची खरी खिडकी झाली. एक गाल उजळ, एक अंधारा. अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा लहान तुकडा, तोही फ्रेमच्या बाहेर. ट्यूबलाइट बंद, फ्लॅश तर नकोच.

याला एकच अपवाद, तो म्हणजे ऊन. सूर्य आभाळात जेवढा दिसतो तेवढाच बाहुलीलाही दिसतो, साधारण अर्धा अंश. त्यामुळे उन्हातली सावली कुठल्याही मापाला खरीच पडते. भर दुपारचं आपल्याकडचं ऊन अर्थात नको, पाचनंतरचं घ्या.

बिनसहीचा

मी जरा वेगळं बोलतो. बाहुली बाहुलीच दिसली तर बिघडलं काय? फार जिवंत करायला जाल तर बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी रोबोटतज्ज्ञाने १९७० मध्येच हे मांडलंय: माणसासारखी वस्तू जसजशी माणसाजवळ जाते तसतशी आवडत जाते, पण अगदी जवळ गेली, तरी थोडी कमी राहिली, की एकदम नकोशी होते. काचेचे डोळे लावलेल्या सात जणी रात्री ओसरीवर बसलेल्या... मी तरी त्या वाड्यात पाऊल टाकणार नाही.

उघडझाप

@बिनसहीचा, म्हणूनच चेहरे तसेच ठेवा म्हणतोय. चेहरा साधाच राहू दे, बाकीचं जग खरं करा.

चेहऱ्यावरची फक्त चमक घालवायची. मॅट व्हार्निशचा एक हात द्या. तो मिळेपर्यंत टाल्कम पावडर हलकी लावून कोरड्या ब्रशने झटकली तरी चालेल. मग फक्त डोळ्यांच्या बुबुळावर पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका. सगळं मॅट आणि डोळा ओला, एवढ्यानं फरक पडतो, कारण त्या ओलसर ठिपक्यात खिडकी चमकते. नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, बोटांची पेरं इथे तांबूस खडूची पूड बोटाने घासा. आणि सगळ्याजणी कॅमेऱ्याकडे बघतायत, ते बदला. सगळ्यांची नजर डब्यावर हवी, एकीची डबेवालीच्या तोंडावर (हावभावावरून खाऊ ओळखणारी एक पोरगी प्रत्येक गल्लीत असतेच).

कळण्याचीभाकर

मला आता विषय कळला, म्हणून लिहिते. मी देवापुढच्या आरासीसाठी छोटी भांडी करत असते. सहाने भागायचं हे डोक्यात ठेवा. ९ इंचांची भाकरी दीड इंच, ६ इंचांचा तांब्या एक इंच, वीतभर टिपरी दीड इंच. तुमची गुलाबाईच मला मोठी वाटतेय. घरातली खरी मूर्ती फूटभर धरली तर इथे दोनच इंच हवी. आत्ता ती पोरींच्या छातीला लागतेय.

सुपात ज्वारी दाखवलीय ती खरी ज्वारी आहे ना? बाहुलीच्या हातात ती सुपारीएवढी दिसते. खसखस टाका. मागे चिंचेची फांदी हवी असेल तर बाभळीची डहाळी लावा, पानं बरोबर त्या मापाची असतात. अंगणाची माती वस्त्रगाळ करा, नाहीतर प्रत्येक कण खडा वाटतो.

कापडाचं तुम्हाला मी काय सांगणार, पण परकर खणाचे आहेत ते फुगून उभे राहतात. जुन्या धुवट मलमलीचे करा. घडी पडत नसेल तर पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून, बाहुलीच्या अंगावरच चुण्या पाडून वाळवा. काठात बारीक तार घातली तर पदर हवा तसा वळतो.

चिंधीवाली

सगळ्यांचे आभार! डोळ्यांचे पैसे वाचले, हे बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

पुठ्ठ्याची खिडकी केली आणि आईशप्पथ, आजीच्या गालाला हाड आलं. पावडरनेही काम झालं. गुलाबाई नवी केली, दोन इंची, ती कोनाड्यात बसवली. मलमलीचे परकर चालू आहेत. बसवताना पोरींच्या बुडाखालचं गोणपाट जरा दाबून खळगा केला, तर त्या एकदम वजनदार झाल्या. हे माझं मीच शोधलं, लिहून ठेवते, कोणाला उपयोगी पडेल.

आता दोन अडचणी. एक, समई. बोटभर वात लावली तर बाहुलीच्या हिशेबाने ती मशाल होते. दोन, मला एक फोटो अंगणातला हवाय, मागे आमच्या आळीतली खरी धाब्याची घरं आणि लांब केळीची बाग दिसेल असा. पण फळी अंगणात जमिनीवर ठेवली की मागची घरं किल्ल्यासारखी उंच येतात.

उघडझाप

ताई, अंगणाचं सोपं आहे. फळी जमिनीवर नको, छातीएवढ्या उंचीवर ठेवा. ओट्याच्या कठड्यावर, नाहीतर दोन पिंपांवर. मग बाहुलीच्या नजरेला लावलेला कॅमेरा आपोआप तुमच्या स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला येतो, आणि मागची घरं रोज जशी दिसतात तशीच दिसतात. तुमचं आणि बाहुलीचं क्षितिज एक झालं की काम झालं. अमेरिकेतले मायकेल पॉल स्मिथ याच पद्धतीने १:२४ मापाच्या मोटारी टेबलावर मांडून मागे खरी झाडं आणि घरं घ्यायचे. तेही साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर. लोक त्या गाड्या खऱ्या समजायचे.

फळीची मागची कड लपवणं हेच कौशल्य. तुमचं अंगण सारवलेलं दिसतंय, तर फळीही सारवा, म्हणजे रंग जुळेल. शेण गाळून घ्या, नाहीतर गवताच्या काड्या लाकडाच्या ओंडक्यांसारख्या दिसतात. कडेला एक पाट, एक सूप, बसलेली एखादी पोरगी असं काहीतरी तिरकं ठेवा, सलग रेघ दिसू देऊ नका. फोकस बाहुल्यांवर लॉक करा. मागची घरं फारच धूसर आली तर फोन न हलवता दुसरा फोटो घरांवर फोकस करून घ्या आणि दोन्ही जोडा. पुतण्याला येत असेल.

समईला खरी ज्योत नको. लग्नात लावतात त्या बारीक माळेतला तांबूस पिवळा दिवा काढा, वातीच्या जागी ठेवा आणि वर बटर पेपरचा तांदळाएवढा तुकडा. दिवेलागणीला, आभाळात निळसर उजेड असतानाच फोटो घ्या. पूर्ण अंधार झाला की दिव्याभोवतीचं सोडून सगळं काळं होईल. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) कमी, शटर अर्धा सेकंद, दोन सेकंदांचा टायमर.

अर्धा सेकंद मिळतोच आहे तर एक करा. एका पोरीच्या टिपरीला काळा दोरा बांधा आणि शटर उघडं असताना हलकेच ओढा. बाकी सगळं स्थिर आणि तेवढी टिपरी हललेली.

बिनसहीचा

आणि फ्रेममध्ये सातही जणींना नीट बसवू नका हो. घरगुती फोटोत कोणाचं तरी अर्धं डोकं कापलेलं असतंच. कडेच्या एका पोरीची फक्त वेणी आणि खांदा येऊ द्या.

(काटा येईल म्हणालो होतो, पण खिडकीवाला फोटो बघितला. आजी आवडली.)

चिंधीवाली

@बिनसहीचा, वेणीवाली कोणती कापायची तेही ठरलं, जिचा चेहरा मला मुळातच जमला नव्हता ती.

फळी आज सारवलीय, उद्या वाळेल. डबा उघडाच ठेवू की झाकलेला? उघडा ठेवला तर आत शेंगदाण्याचे लाडू करावे लागतील, सहाने भागून.

कळण्याचीभाकर

झाकलेलाच ठेवा. फोटोखाली विचारा, "ओळखा खाऊ." ग्रुपवरच्या बायका बाहुल्या आहेत का माणसं, हे बघायच्या आधी उत्तरं द्यायला लागतील.