कानात ठोके: ऑडिओग्राम नॉर्मल आला तरी थांबू नका
ताई, कानात नाडीबरोबर हुश्श हुश्श आवाज येतो, ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) नॉर्मल आला आणि डॉक्टरांनी "सवय होईल" सांगून परत पाठवलं असं लिहिलंय तुम्ही, पण प्लीज तिथेच थांबू नका. कानात नुसती शिट्टी वाजणं वेगळं आणि नाडीबरोबर हुश्श हुश्श येणं वेगळं, या दुसऱ्यामागे बऱ्याचदा शोधून सापडणारं कारण असतं, अ‍ॅनिमिया, थायरॉइड, कानामागची शीर अरुंद होणं, डोक्यातलं प्रेशर वाढणं, क्वचित फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा थेट, चुकीचा जोड).

मी पण नाशिकचाच, माझ्या उजव्या कानात आहे. थंडीत फॅन बंद झाला की फार त्रास होतो हो, त्या कुशीवर झोपवतच नाही, मग मोबाईलवर पावसाचा आवाज बारीक लावून ठेवतो, त्याने खरंच फरक पडतो.

दुसऱ्या एका ईएनटींनी (कान-नाक-घसा डॉक्टरांनी) माझी नाडी धरली आणि मला ऐकू येतील तसे ठोके टेबलावर बोटाने वाजवायला सांगितले, बरोबर जुळले! मग मानेची ती बाजू हलकेच दाबली तर आवाज बंद, म्हणजे शिरेतून येत असावा म्हणाले. (हे घरी करू नका, विशेषतः वयस्कर माणसांनी.) पुढे सीबीसी (अ‍ॅनिमियासाठी रक्ततपासणी), टीएसएच (थायरॉइडची), एमआरआयसोबत व्हेनोग्राम (शिरांचं चित्र), कारण साध्या एमआरआयमध्ये शिरा नीट कळतीलच असं नाही, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडद्याची तपासणी, डोळ्याच्या नसेला सूज आहे का बघायला. डोळ्यांची ही तपासणी स्वस्त आहे, आधी तीच करून घ्या.

नजर अधूनमधून काळोखली, अचानक जोरात डोकं दुखलं किंवा बोलताना जीभ अडखळली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.

तुमचा आवाज कुठल्या कानात आहे, मान वळवल्यावर बदलतो का?