'रसिगर मन्रम' : फॅन क्लब, रसिक संघ की आणखी काही?

सबटायटलवाली
एका तमिळ चित्रपटाच्या मराठी सबटायटल्सचं काम हाती आहे. काळ सत्तरच्या दशकाचा, गाव मदुराई. एका बाजूला नट एम. जी. रामचंद्रन (एम.जी.आर.) यांचे चाहते, दुसऱ्या बाजूला शिवाजी गणेशन यांचे. पोस्टरांच्या फाडाफाडीपासून सुरू झालेलं वैर शेवटी कोयत्यांपर्यंत जातं.

मी अडले आहे 'रसिगर मन्रम' या जोडशब्दापाशी. दर दोन मिनिटांनी कोणीतरी तो उच्चारतोच. आधी 'रसिक संघ' लिहिलं होतं. मग तो प्रसंग आला. रात्रीची वेळ, खळीची बादली घेऊन दोन पोरं थिएटरच्या भिंतीवर पोस्टर चिकटवताहेत. अंधारातून दुसऱ्या मन्रमची पोरं येतात आणि शेणाचा गोळा बरोबर नटाच्या तोंडावर बसतो. ज्याच्या हातात ब्रश आहे तो ओरडतो, आणि खाली माझी ओळ : 'रसिक संघाचा अपमान!' तिथेच थांबले. रसिक म्हटलं की आपल्याला मैफिलीत समेवर मान डोलावणारा माणूस दिसतो. शेण अंगावर आलेला आणि आता हात उचलणारा पोरगा त्या शब्दात मावत नाही. काय लिहावं?

चेन्नईकर
शब्द आपलाच आहे, फक्त तिकडे जाऊन त्याचा स्वभाव बदलला. संस्कृत 'रसिक' तमिळमध्ये 'रसिगन' झाला. बाई असेल तर 'रसिगै', आणि अनेकवचनी किंवा आदराने 'रसिगर'. 'रसि' असं क्रियापदही आहे, म्हणजे रस घेणं, आस्वाद घेणं. त्यामुळे जुना अर्थ मेलेला नाही. कर्नाटक संगीताच्या मैफिलीतला जाणकारही रसिगरच आणि कटआउटवर चढून दुधाचा अभिषेक करणाराही रसिगरच. मराठीने मात्र हा शब्द नाट्यगृहात आणि मैफिलीतच ठेवला. म्हणून अक्षरं तीच असली तरी इथे 'रसिक' चालणार नाही. 'चाहता' घ्या.

त्याच्या पुढची पायरी 'वेऱियन'. तुमच्या चित्रपटात तोही येईलच. 'वेऱि' म्हणजे पिसं. पिसाळलेल्या कुत्र्याला 'वेऱिनाय' म्हणतात. आपल्याकडे 'वेडापिसा' तयारच आहे, 'कट्टर चाहता' लिहून तो फुकट घालवू नका.

जुना वाचक
मला 'फॅन क्लब'च बरा वाटतो. मराठीत रुळला आहे, शेंबड्या पोरालाही कळतो. 'चाहता' फार मवाळ आहे. चाहता पत्र लिहितो, सही मागतो. कोयता काढत नाही.

चेन्नईकर
'चाहता' एकटा मवाळ आहे हे मान्य. पण खरा जोर 'मन्रम'मध्ये आहे, आणि 'क्लब'ने नेमका तोच जातो.

'मन्रम' हा फार जुना तमिळ शब्द. गावातली सगळ्यांची मोकळी जागा, झाडाखाली माणसं जमतात आणि गावाच्या गोष्टी ठरतात ती. आपल्या पारासारखी. आज न्यायालयाला 'नीदिमन्रम' म्हणतात, विधानसभेला 'सट्टमन्रम', संसदेला 'नाडाळुमन्रम'. व्यासपीठावर दोन बाजू मांडून वाद रंगवतात ते 'पट्टिमन्रम'. आणि गल्लीच्या तोंडाशी, चहाच्या टपरीशेजारी, नटाचा फोटो लावून पंधरा पोरं बसतात तेही मन्रमच. त्याला अध्यक्ष असतो, सचिव असतो, खजिनदार असतो, नावाची पाटी असते. क्लबात माणूस वर्गणी भरून मौजेला जातो. मन्रमात त्याला पद मिळतं, गल्लीत नाव मिळतं. पोस्टरवर शेण पडलं की ते त्या नावावर पडतं, म्हणून कोयते निघतात.

(उच्चार 'मन्ड्रम' असा ऐकू येतो. लिहिताना तिथे तमिळचा कडक र आहे. खरं तर आपला ऱ त्याला अगदी चपखल, पण 'मन्ऱम' वाचताना लोक अडखळतात, म्हणून मी साधा र लिहितो.)

पेठेतला
मग ताई, 'मंडळ' लिहा की! विधिमंडळातही मंडळ आणि कोपऱ्यावरच्या गणपतीचंही मंडळच. भजनी मंडळ, तरुण मंडळ, महिला मंडळ. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघसुद्धा मंडळंच आहेत : पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. सामन्याच्या दिवशी पेठेतल्या पोराला 'तू कुठल्या क्लबचा' असं कोणी विचारत नाही, 'कुठल्या मंडळाचा' असंच विचारतात. अध्यक्ष, खजिनदार, वर्गणी, फलक, ईर्षा, सगळं त्या एका शब्दात आलंय. 'आमच्या मंडळाच्या पोस्टरवर शेण मारलंस?' ही ओळ ऐकली की पुढं काय होणार हे आमच्याकडं सांगावं लागत नाही.

सबटायटलवाली
दादा, हे वाचल्यावर पुन्हा तो प्रसंग लावून पाहिला. 'मंडळ' बसलं. 'चाहता मंडळ' फक्त पहिल्यांदा, पुढे नुसतं 'मंडळ'.

आता दुसरी अडचण. एम.जी.आर. यांची पोरं त्यांना 'एंग वात्तियार' म्हणतात. इंग्रजी प्रतीत 'टीचर' आहे. 'आमचे गुरुजी' लिहिलं तर शाळा आठवते.

चेन्नईकर
'वात्तियार' हा 'उपाध्याय'चाच तमिळ अवतार. आपल्याकडे त्याच शब्दाचे 'उपाध्ये' आणि 'पाध्ये' झाले. शाळेतला मास्तर वात्तियार, पण काठी फिरवायला शिकवणारा, सिलंबमचा गुरूही वात्तियारच. एम.जी.आर. पडद्यावर तलवार आणि काठी चालवायचे, गोरगरिबांना चार गोष्टी शिकवायचे. दोन्ही अर्थ त्या हाकेत आहेत.

पेठेतला
वस्ताद! आखाड्यात शिकवणारा वस्ताद. 'आमचा वस्ताद' म्हणताना छाती आपोआप पुढं येते.

जुना वाचक
'वस्ताद' उत्तम. 'मंडळ'ही पटलं, माझा 'फॅन क्लब' मागे घेतो. पण एक सावधगिरी. दुसऱ्या बाजूच्या तोंडी 'शिवाजी' असं नुसतं नाव येईल, 'शिवाजीची पोरं', 'शिवाजी हरला' वगैरे. मराठी वाचकाच्या डोळ्यांना ते खुपेल. त्यात अर्थाचाही घोळ होईल.

चेन्नईकर
बरोबर पकडलंत. आणि हा घोळ निव्वळ योगायोगाचा नाही. विळुपुरम चिन्नय्या गणेशन या तरुण नटाने १९४० च्या दशकात द्रविड चळवळीतल्या अण्णादुराईंनी लिहिलेल्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली. ती पाहून त्या चळवळीचे नेते पेरियार यांनी त्यांना 'शिवाजी' म्हटलं आणि नाव कायमचं चिकटलं. म्हणजे नाव महाराजांवरूनच आलंय. म्हणून सबटायटलमध्ये दर वेळी 'गणेशन' लिहा, मूळ संवादात नसलं तरी. 'गणेशनची पोरं' म्हटलं की प्रश्न मिटला.

बिरुदांमध्येही अशीच खोच आहे. गणेशन 'नडिगर तिलगम', नटांमधला तिलक. एम.जी.आर. 'मक्कळ तिलगम', लोकांचा तिलक. सगळं वैर या दोन बिरुदांत मावतं : एकीकडे अभिनय, दुसरीकडे जनता. पण 'लोकतिलक' लिहिलंत तर मराठी माणसाला लोकमान्य दिसतील. 'नटशिरोमणी' आणि 'जनशिरोमणी' करून पाहा. जोडीतला सारखेपणा टिकायला हवा, कारण भिंतींवर ही दोन्ही नावं शेजारी शेजारी रंगवलेली असायची. हे दोघे एकत्र फक्त एका चित्रपटात दिसले, 'कूंडुक्किळि', १९५४ साली. त्यानंतर पडदा वाटून घेतला तो कायमचा.

सबटायटलवाली
मग चित्रपटात राजकारण मध्येच का घुसतं ते आता उलगडतंय. एक म्हातारा म्हणतो की हे मन्रम उद्या सट्टमन्रमात जाईल. मी 'हा क्लब विधानसभेत जाईल' असं लिहून पुढे गेले होते.

चेन्नईकर
त्या एका ओळीसाठी तरी 'मंडळ' हवंच. एम.जी.आर. द्रविड चळवळीतून आलेल्या द्रमुक पक्षात होते आणि त्यांची मन्रमं गावोगावी पक्षाचं काम करायची. गणेशन आधी द्रविड चळवळीजवळ होते, पुढे काँग्रेसकडे, कामराजांकडे गेले. त्यामुळे थिएटरबाहेरच्या मारामारीला पक्षाचाही रंग होता. ऑक्टोबर १९७२ मध्ये द्रमुकने एम.जी.आर. यांना काढलं आणि त्याच महिन्यात १७ तारखेला त्यांनी अण्णा द्रमुक काढला. मन्रमांचे अध्यक्ष-सचिव तयारच होते, पाट्या तेवढ्या बदलल्या. १९७७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. म्हाताऱ्याचं बोलणं शब्दशः खरं झालं.

ही वाट पुढच्या नटांनीही पाहिली. कमल हासन यांनी आपल्या मन्रमांना 'नर्पणि' म्हणजे सत्कार्य हा शब्द जोडला आणि रक्तदान वगैरे कामं दिली. अजित कुमार यांनी २०११ मध्ये आपली मन्रमं बरखास्तच केली. विजय यांच्या चाहत्यांचं 'मक्कळ इयक्कम' होतं, त्यातून २०२४ मध्ये पक्ष आला. हा 'इयक्कम'ही बघण्यासारखा आहे. त्याचा अर्थ चळवळ, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शकाच्या नावाआधीही हाच शब्द असतो!

जाता जाता एक विनंती. मराठी बातम्यांत 'थलपती' आणि 'थलैवा' छापतात. रोमन लिपीतल्या 'टीएच'मुळे तो 'थ' आला आहे, तमिळमध्ये तिथे त आहे. 'तलै' म्हणजे डोकं, त्यावरून 'तलैवर', म्हणजे म्होरक्या. 'थलपती' तर आपला दळपती आहे, उच्चार 'तळबदि'च्या जवळ. दळ, दळभार हे शब्द आपल्या घरात असताना आपणच तो परका करून लिहितो याचं फार वाईट वाटतं.

सबटायटलवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीचा प्रसंग काल रात्री पुन्हा केला. आता असा आहे :

'कुठल्या मंडळाचा रे तू?'
'गणेशनच्या. नटशिरोमणी गणेशन चाहता मंडळ, खजिनदार.'
'मग हे शेण कोणी मारलं ते तुला ठाऊक असणार.'
'मीच मारलं. तुझ्या वस्तादाला सांग जा.'

म्हाताऱ्याची ओळ : 'हसू नका. हे मंडळ एक दिवस विधिमंडळात जाऊन बसेल.'