पोलिसर १०० एमबीपीएसचा, मग टीसीपी ४० वरच का अडकतंय?

लिंकवाला:
गिगाबिट पोर्ट आहे, त्यावर आत येणाऱ्या ट्रॅफिकला १०० एमबीपीएसचा पोलिसर (ठरलेल्या वेगापेक्षा जास्तीचा ट्रॅफिक टाकून देणारी सेटिंग) लावलाय, बर्स्ट (एका दमात जाऊ द्यायची मर्यादा) ८००० बाइट. यूडीपी (पोच न बघता डेटा सोडणारा प्रोटोकॉल) टेस्ट मारली की जवळजवळ पूर्ण १०० मिळतात पण टीसीपीवरून (पोच घेत वेग कमीजास्त करणारा प्रोटोकॉल) एकच मोठी फाइल ओढली की ३५-४० च्या पुढे सरकतच नाही. सीपीयू मोकळा, पोर्टवर एरर नाहीत, केबलपण बदलून झाली. रेट १५० करू का?

बिटबाइट:
रेटला हात लावू नकोस, घोळ बर्स्टमध्ये आहे. पोलिसर म्हणजे टोकन बकेट, ठरलेल्या रेटने टोकन भरणारी बादली, बर्स्ट हा तिचा आकार, टोकन असेल तर पॅकेट पुढे, नसेल तर थेट ड्रॉप, थांबवून ठेवणं त्याच्याकडे नाहीच. आता हिशोब बघ, १५०० बाइटचं पॅकेट गिगाबिटवर साधारण १२ मायक्रोसेकंदात येतं, तेवढ्या वेळात १०० एमबीपीएसने बकेटमध्ये फक्त १५० बाइट भरतात, म्हणजे सलग पॅकेटं आली तर ५ जातात आणि सहावं पडतं! यूडीपीचं टूल पॅकेटं समान अंतराने सोडतं म्हणून त्याला काही होत नाही, टीसीपी मात्र घोळक्याने सोडतो, ड्रॉप दिसला की त्याची वेग ठरवायची पद्धत रेनो असेल तर विंडो (पोच यायच्या आधी पाठवता येणारा डेटा) निम्मी करतो, क्युबिक असेल तर ३० टक्के कमी करतो, आणि परत वर चढेपर्यंत पुढचा ड्रॉप तयार.

बर्स्ट काढताना रेट गुणिले आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर परत यायचा वेळ) इथून सुरुवात कर. ५० मिलिसेकंद असेल तर ६,२५,००० बाइट. मग ड्रॉप काउंटर बघत बघत अॅडजस्ट कर.

रांगेतला:
वरचं बरोबर, पण पलीकडचं टोक तुमच्या हातात असेल तर तिथे आउटगोइंगला शेपर लावा, तोच खरा उपाय आहे. शेपर पॅकेट रांगेत धरून सावकाश सोडतो त्यामुळे टीसीपीला धक्का बसत नाही. रेट ९५ च्या आसपास ठेवा, कारण इथरनेट हेडर (प्रत्येक पॅकेटला जोडलेली पत्त्याची माहिती) मोजायचा की नाही हे प्रत्येक डिव्हाइस वेगळं ठरवतं आणि लहान पॅकेटांत तो फरक बराच होतो. फक्त रांग लांबलचक ठेवू नका हं, १००० पॅकेटांची रांग भरली तर १०० एमबीपीएसवर १२० मिलिसेकंद उशीर तिथेच, कॉलवर लगेच जाणवतो. एफक्यू-कोडेल (रांगेतला उशीर आवाक्यात ठेवणारी पद्धत) मिळत असेल तर तेच घ्या, त्याचं उशीराचं डिफॉल्ट टार्गेट ५ मिलिसेकंद आहे.

लिंकवाला:
आरटीटी २० मिलिसेकंद आहे, बर्स्ट २,५०,००० केला आणि टीसीपी ९० च्या वर गेलं!! पलीकडचा राउटर पण आमच्याच ताब्यात आहे, शेपर लावतो. मग पोलिसर काढून टाकू?

बिटबाइट:
राहू दे. उद्या कोणी शेपरची सेटिंग बदलली तर लिंक पोलिसरच वाचवेल. पण बर्स्ट याहून खूप मोठा करू नको, तो अख्खा घोळका पुढच्या स्विचवर गिगाबिटच्याच वेगाने जाऊन आदळतो आणि त्याचा बफर (पॅकेटं तात्पुरती ठेवायची जागा) छोटा असला तर ड्रॉप तिकडे सुरू होतात, तुझ्या पोलिसरच्या काउंटरमध्ये ते दिसणारच नाहीत.