वसंतातली रानफुलं आणि नेचे: तुमचे अनुभव लिहा

श्रावण-भाद्रपदात कासला आपण सगळेच जातो. पण फाल्गुन-चैत्रात, गवत वाळून कडकडीत झालेलं असताना, सह्याद्रीत काय फुलतं? तेव्हा फुलं जमिनीवर कमी, झाडांवर जास्त. आपापल्या भटकंतीतलं लिहा. फक्त ऑर्किडचा नेमका ठावठिकाणा देऊ नका, लोक ओरबाडून नेतात.

डोंबिवली: एप्रिलमधलं माथेरान बघाच. अंजन फुललेला असतो. जाड, तुकतुकीत पानं आणि जुन्या फांद्यांना थेट चिकटलेले निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ. जवळून बघा: एकेक फूल हरभऱ्याच्या दाण्याएवढं, पुंकेसर बाहेर डोकावणारे, त्यांवर मधमाश्यांची झुंबड. तांबड्या वाटेवर पाकळ्यांचा सडा पडतो, घोडे तो तुडवत जातात आणि दर वेळी जीव हळहळतो.

चिपळूण: आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडांवर डेंड्रोबियम बार्बाट्युलम हे ऑर्किड फुलतं. पान एकही नाही, नुसत्या कांड्या आणि पांढरीशुभ्र फुलं. कांड्यांत साठवलेल्या पाण्यावर सगळं चालतं. पावसाळ्यात पानं येतात तेव्हा फुलांचा मागमूस नसतो.

नाशिक: कातळावरची सोनसावर, पिवळीधमक! पांगाऱ्यावर मैना-कोतवालांची भांडणं. गेल्या वर्षी मात्र आमचा नेहमीचा डोंगर वणव्यानं काळाठिक्कर पडला होता. गवत चांगलं येतं म्हणून आग लावतात, त्यात कोवळी रोपं, बिया जळून जातात. गावागावांत यावर बोलायलाच हवं.

न्यू जर्सी: मराठी शाळेतल्या मुलांना घेऊन आम्ही एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बोमन्स हिलला जातो. रानफुलांचं हे राखीव रान 1934 पासूनचं. इथे वसंतातली फुलं जमिनीवर. वरच्या झाडांना पालवी फुटून सावली पडायच्या आत त्यांना उरकून घ्यायचं असतं. ब्लडरूटची कळी स्वतःच्याच पानात गुंडाळलेली वर येते आणि फूल एक-दोन दिवसांत गळतं. शेजारी नेच्यांच्या गुंडाळ्या उलगडत असतात. ख्रिसमस फर्न तर बर्फाखालीही हिरवाच.

पुणे: उन्हाळ्यात नेचे मेलेत असं समजून पुढे जाऊ नका. भीमाशंकरच्या वाटेवर बाशिंग नावाचा नेचा बघा. हिरवी पानं झडून नुसत्या दांड्या उरतात, पण खोडाला बिलगलेली तपकिरी पानं जागेवरच असतात. त्यांत पाचोळा साठून कुजतो, तेच त्याचं खत. पहिल्या पावसानंतर त्याच झाडापाशी पुन्हा जायचं. ओढ्याकाठी मार्चमध्ये कुणाला हंसराज हा नेचा हिरवा दिसलाय का?