पदपथावर झोपण्यास बंदी घातल्याने बेघरपणा कमी होतो का?

प्रश्न

सार्वजनिक जागेत झोपणे, तंबू ठोकणे किंवा सामान ठेवणे यांवर बंदी घालणारे नियम अनेक शहरे करत आहेत. पदपथ सर्वांसाठी मोकळे असावेत, हे मला मान्य आहे. चाकांच्या खुर्चीतून जाणाऱ्या व्यक्तीला वाहनांच्या रस्त्यावर उतरावे लागत असेल, तर तिची तक्रार रास्तच आहे. परंतु ज्याला रात्री जायला जागाच नाही, त्याने अशा नियमाचे पालन कसे करावे? न्यायालयांची याबाबतची भूमिका काय आहे?

प्रतिसाद १

अमेरिकेत हा वाद थेट संविधानापर्यंत गेला. बॉयसी शहराच्या प्रकरणात तेथील एका संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये असे ठरवले की, निवाऱ्यात जागा उपलब्ध नसताना उघड्यावर झोपल्याबद्दल शिक्षा करणे म्हणजे क्रूर शिक्षा होय. जून २०२४ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या ओरेगॉनमधील लहान शहराच्या बाजूने ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने निकाल दिला. तेथे सार्वजनिक जागेत अंथरूण-पांघरूण घेऊन मुक्काम केल्यास २९५ डॉलरचा दंड होता, आणि वारंवार उल्लंघन करणाऱ्याला अखेर तुरुंगवासही होऊ शकत असे. असा नियम क्रूर शिक्षेला मनाई करणाऱ्या अमेरिकी संविधानाच्या आठव्या घटनादुरुस्तीचा भंग करत नाही, एवढेच न्यायालयाने ठरवले. तो नियम उपयुक्त आहे, असा त्या निकालाचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ज्याच्याकडे खोलीच्या भाड्याचे पैसे नाहीत, त्याच्या नावावर दंडाची थकबाकी चढवल्याने पुढे घर मिळवणे अधिकच अवघड होते, आणि माझा मुख्य आक्षेप याच गोष्टीला आहे.

प्रतिसाद २

महानगरपालिकांची बाजूही पाहिली पाहिजे. तंबूंना लागणारी आग, सांडपाणी, शौचालयांचा अभाव यांचा सर्वाधिक त्रास तेथे राहणाऱ्यांनाच होतो. मुंबईच्या पदपथवासीयांविषयीच्या १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तरीही पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार काढून घेतला नाही.

प्रतिसाद ३

अधिकार आहे, हे खरे. पण हटवलेली व्यक्ती कोठे जाणार, याचे उत्तर देण्याचे बंधन शहरावर आहे की नाही, यावर माझ्या मते सारे अवलंबून आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८१ च्या न्यायालयीन तडजोडीने बेघर पुरुषांना निवारा देणे शहरावर बंधनकारक झाले आणि पुढे हा हक्क स्त्रियांना व कुटुंबांनाही मिळाला. स्कॉटलंडने तर २०१२ अखेर 'प्राधान्याची गरज' ही अट, म्हणजे मुले असलेली कुटुंबे यांसारख्या ठरावीक गटांपुरताच घराचा हक्क ठेवणारी अट, काढून टाकली. त्यामुळे स्वतःहून घर न सोडलेल्या प्रत्येक बेघर व्यक्तीला कायमस्वरूपी घर मिळवून देण्याचे कर्तव्य स्थानिक परिषदांवर आले. अर्थात घरेच अपुरी असतील, तर माणसे तात्पुरत्या निवाऱ्यात अडकून पडतात. फिनलंडने २००८ पासून नेमका यावरच भर दिला: मोठे निवारे बंद करून त्यांच्या जागी स्वतंत्र सदनिका केल्या, रहिवाशाला रीतसर भाडेकरार दिला, आणि व्यसनमुक्ती किंवा नोकरी ही घर मिळण्यापूर्वीची अट ठेवली नाही. तेथील दीर्घकालीन बेघरपणा लक्षणीय घटला.

म्हणून आपल्या शहरात बंदीचा मसुदा चर्चेला आला, तर पर्यायी जागेची लेखी हमी, पुरेशी आगाऊ सूचना आणि कागदपत्रे व औषधे जप्त न करण्याची तरतूद त्याच मसुद्यात असावी, असा आग्रह धरावा.