विकासदर आणि मतं: मुंबईचा हिशोब

अर्थव्यवस्था वाढली की सत्ताधारी पक्ष परत येतोच, हे म्हणणं मुंबईच्या निकालांवर ताडून बघा. २००३-०४ मध्ये विकासदर ८ टक्क्यांच्या आसपास होता, केंद्रातल्या वाजपेयी सरकारच्या ‘इंडिया शायनिंग’ जाहिराती जोरात होत्या. १९९९ ला लोकसभेच्या इथल्या ६ पैकी ५ जागा शिवसेना-भाजप युतीच्या होत्या. २००४ ला ५ काँग्रेसने नेल्या. लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी आणि पेट्रोलियममंत्री राम नाईक दोघेही पडले.

विकासदर ही सरासरी असते, मतदार मात्र महिनाअखेरची शिल्लक बघतो. समजा पगार २०,००० आणि भाडं, किराणा, फी, पास धरून खर्च १८,०००. पगार ८ टक्के वाढला, खर्च १० टक्के, तर नवे आकडे २१,६०० आणि १९,८००. पगार वाढूनही शिल्लक २,००० वरून १,८०० वर आली! म्हणून विकासदराआधी निवडणुकीपूर्वीच्या वर्षातली अन्नधान्य-भाजीपाल्याची महागाई तपासावी. १९९८ ला दिल्लीच्या विधानसभेत भाजपची सत्ता गेली, त्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता.

उलटा दाखलाही आहे. २०२४ ला महाराष्ट्रात सत्ताधारी महायुती लोकसभेत ४८ पैकी १७ वर अडकली. जुलैपासून महिलांसाठीच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना १,५०० रुपये लागू झाले आणि नोव्हेंबरात विधानसभेत २८८ पैकी २३० जागा आल्या. सगळं श्रेय योजनेला देणं माझ्या मते चूकच, जागावाटप आणि जातीची गणितंही होती. पण त्या पाच महिन्यांत राज्याचं दरडोई उत्पन्न काही उडी मारून वाढलं नव्हतं. वाढली होती ती बाईच्या स्वतःच्या खात्यातली रक्कम.