परसातल्या पाणथळ कोपऱ्यासाठी पानं गाळणारा सूचिपर्णी कोणता?

प्रश्न, मध्य न्यू जर्सी
मंडळी, आमच्या परसात उताराच्या टोकाला मार्च ते मे पाणी साचतं, बूट घोट्यापर्यंत रुततात. गेल्या वर्षी तिथे व्हाइट पाइन लावला, तो पिवळा पडला. उपटला तर मुळं काळी आणि कुजका वास. आता पानगळीचा हवाय, म्हणजे हिवाळ्यात स्वयंपाकघरात ऊन येईल. टॅमरॅक, डॉन रेडवुड की बाल्ड सायप्रस? घर ४० फुटांवर आहे.

उत्तर, राले, नॉर्थ कॅरोलायना
ताई, डोळे मिटून बाल्ड सायप्रस. मी १२ वर्षांपूर्वी कमरेएवढं रोप लावलं, आज ते दुमजली घराच्या वर गेलंय. आमच्या ब्लॅक नदीत ही झाडं बुंध्यापर्यंत पाण्यात उभी असतात. त्यातल्या एकाचं वय २०१९ मध्ये किमान २,६२४ वर्षं निघालं. कायाक थांबवून मी त्या सालीवर हात ठेवला होता, अजून आठवतं.

एक मात्र सांभाळा. रोप लहान असताना पाण्याखाली बुडू देऊ नका. वीतभर उंचवटा करून लावा आणि पहिले दोन उन्हाळे जमीन सुकू देऊ नका. ओलीत मुळांतून 'गुडघे', म्हणजे खुंटासारखे लाकडी कोंब, जमिनीवर येतात, तिथे गवत कापायचं यंत्र चालत नाही. मी तिथलं गवतच काढून टाकलं. जमीन चुनखडीची असेल तर पानं पिवळी पडतात, आधी माती तपासून घ्या.

उत्तर, मिनेसोटा
आमच्याकडे दलदलीत टॅमरॅकच. ऑक्टोबरात सुया अशा पिवळ्याधमक होतात की दसऱ्याचं सोनं आठवतं. पण त्याला थंडी हवी. तुमच्या उकाड्यात तो रडतखडत जगेल.

राले
डॉन रेडवुडही देखणा, पण त्याला ओल आवडते, साचलेलं पाणी नाही. नर्सरीत चिठ्ठीवर विसंबू नका, डहाळी हातात घ्या. पानं समोरासमोर असतील तर रेडवुड, एकाआड एक असतील तर सायप्रस.

प्रश्नकर्ती
धन्यवाद दादा! शनिवारी डहाळ्या बघूनच रोप आणते. हिवाळ्यात ते निष्पर्ण दिसलं की सासूबाई वाळलं म्हणून काढायला लावतील, त्यांना आत्ताच सांगून ठेवते.